तीन वाट्या

आज आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला तीन वाट्या दाखवल्या. राजगिरा, कुट्टू (म्हणजे बकव्हीट), किनोआ. किनोआ बहुतेकींनी लगेच ओळखला, रील्समुळे. राजगिऱ्याकडं बघून मात्र एक पोरगी म्हणाली, "मॅडम, खसखस?" मन खट्टू झालं. एकादशीला लाडू खाल्लेला असतो गं, पण कच्चा दाणा कुणी हातात दिलेलाच नसतो.

मग लक्ष्मीपुरीतून आणलेला तोच राजगिरा तापल्या कोरड्या कढईत चिमूट-चिमूट टाकला, कापडाच्या बोळ्यानं फिरवला. तडतडून पांढराशुभ्र फुलला तशा सगळ्याजणी कढईभोवती गोळा. तिथंच उभ्या-उभ्या सांगितलं: गहू, तांदूळ, ज्वारी गवताच्या कुळातली; वाट्यांतली ही तिन्ही नाहीत, धान्यासारखी खातो तेवढंच, म्हणून छद्मधान्यं. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, यांत नाही, आणि गव्हात कमी पडणारं लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) राजगिऱ्यात चांगलं असतं.

"मग वरी?" मागून एकीनं विचारलं. वरी गवतच, ती भरडधान्यात. उपवासाचं म्हणून आपण दोन्ही एका फळीवर ठेवतो, आणि तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं! दिवसभर तोच प्रश्न डोक्यात आहे.

२०१३ साल संयुक्त राष्ट्रांनी किनोआच्या नावे केलं होतं. राजगिराही मूळचा अमेरिका खंडातलाच, पण तो कधीच आपल्या फराळाच्या ताटात येऊन बसलाय. उद्या पोरी आपापल्या आजीला विचारून राजगिऱ्याचा एकेक पदार्थ लिहून आणणार आहेत.