फॉल-पिकोवाल्या ताईंची मान

"परत धरली ओ मान" म्हणत पेशंट आत आला की आम्ही फिजिओ लोक आधी फाईल मागतो, आणि या ताईंची फाईल चांगली जाडजूड होती. वय पंचेचाळीसच्या पुढं, कोल्हापुरात राजारामपुरीच्या अलीकडं राहतात, घरीच शिवणकाम, ब्लाऊज आणि मुख्य म्हणजे साड्यांना फॉल-पिको. मान कित्येक वर्षांपासून दुखतेय, गोळ्या खाल्ल्या की थांबते, लगीनसराई आली की परत सुरू. एक्सरे झाला, एमआरआय झाला, गळ्याला पट्टा झाला, शेक झाला, वजन लावून ताण देऊन झाला, तेल-मालिशचं तर विचारूच नका. मोबाईलवर ते मान कडकन मोडायचे व्हिडिओ असतात ना, ते बघून तसं करून घ्यायलाही निघाल्या होत्या, नणंदेनं अडवलं म्हणून राहिलं.

रिपोर्टात लिहिलेलं की सी५-सी६ मध्ये, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधली चकती (डिस्क) थोडी फुगलीय. ताईंच्या डोक्यात त्याचं झालेलं "मणक्यात गॅप पडलाय, आता हे मरेपर्यंत". हे वाक्य मी आठवड्याला चारजणांकडून तरी ऐकते आणि दरवेळी तेच सांगते, २०१५ साली जपानमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले तर जवळजवळ ८८ टक्के लोकांची कुठली ना कुठली चकती फुगलेली निघाली. धडधाकट माणसं ही, हिंडणारी-फिरणारी. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही, पण तुमचं दुखणं तिथूनच येतंय असंही रिपोर्ट सांगत नाही.

आता "होल बॉडी ट्रीटमेंट" हा शब्द हल्ली फार चाललाय, आणि मला त्याची थोडी ॲलर्जीच आहे, कारण त्याच्या नावाखाली काहीजण मानदुखी टाचेतून येते, पोटातून येते असं काहीही ठोकून देतात. त्यामुळं सगळं शरीर बघायचं म्हटलं तरी सुरुवात मानेपासूनच, आणि त्यातही आधी धोक्याच्या गोष्टी. हातातून वस्तू निसटतात का, ब्लाऊजचे हुक लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा सुटतो का, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कुठं पडलात का. यातलं एक जरी "हो" आलं असतं तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्यांना सरळ स्पाइनच्या डॉक्टरांकडं पाठवलं असतं. हातापायांची ताकद तपासली, रिफ्लेक्स तपासले, एका रेषेत चालायला लावलं, सगळं ठीक.

मग मान उजवीकडं वळवायला सांगितली. चांगली मान साधारण ८० अंशांपर्यंत वळते, यांची ५० च्या आतच अडकली आणि तोंड वेडंवाकडं झालं. मी मानेला हातच लावला नाही, त्यांच्या मांडीवर दोन उशा रचल्या आणि म्हटलं कोपरापासून दोन्ही हात यावर टाका, अगदी सोडून द्या, आपले नाहीतच असं समजा. आता वळवा. तर गेली की मान पुढं! पूर्ण नाही पण चांगलीच गेली. ताई माझ्याकडं बघायलाच लागल्या, "मॅडम, तुम्ही तर कायच केलं नाही."

यात जादू काही नाही. खांद्याचं पातं वरच्या बाजूनं ज्या स्नायूंनी मानेला टांगलेलं असतं त्यातला एक मानेच्या वरच्या चार मणक्यांना जोडलेला असतो, दोन्ही हातांचं वजन दिवसभर त्याला खाली ओढत असतं, आणि खांदे वर चढवून काम करायची सवय असेल तर तो कधी सैल पडतच नाही. हाताखाली उशी आली, ओढ थांबली, मान सुटली. सांधाच गच्च झाला असता तर उशीनं एवढा फरक पडला नसता.

इथं मला वाटलं की यांना काम करताना बघायला पाहिजे. क्लिनिकमध्ये सुई-दोरा होता, तोच हातात दिला आणि म्हटलं ओवा. ताईंनी सुई लांब धरली, मग जवळ आणली, मग परत लांब, हनुवटी पुढं गेली, खांदे कानाला लागले आणि श्वास बंद. दोरा आत जाईपर्यंत बाईंनी श्वासच घेतला नाही, आणि मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एवढे वर आले की बाहेरून बोट ठेवून मोजता आले असते. हे स्नायू मानेपासून निघून वरच्या दोन बरगड्यांना लागतात, श्वास वरच्या वर घ्यायचा असला की बरगड्या उचलायचं काम त्यांच्यावर येतं. मी विचारलं चष्मा कुठाय, तर म्हणाल्या, "चाळिशी लागलीया म्हणत्यात पण अजून केला न्हाई, अंदाजानं जमतंय." म्हणजे बघा, मानेच्या फाईलमध्ये सगळं होतं, डोळ्यांचा एक कागद नव्हता!

तिसरी गोष्ट पाठ. छातीवर हातांची घडी घालून बसल्या बसल्या वळायला सांगितलं तर डावीकडं ठीक, उजवीकडं एकदम लाकूड. बरगड्या लागलेल्या त्या बारा मणक्यांतून हालचाल आली नाही की राहिलेलं सगळं मानेला करावं लागतं. मग पाठीच्या मधल्या भागावर दहा-पंधरा मिनिटं हातानं काम केलं, पालथं झोपवून, मग कुशीवर वळवून, नंतर गुंडाळलेला टॉवेल पाठीखाली ठेवून हळूहळू लांब श्वास सोडायला लावला. उठून बसल्यावर मान जवळजवळ डावीकडच्या बरोबरीला वळली आणि ताईंच्या डोळ्यात पाणी. बाहेर पेशंट ताटकळलेले, आमची रिसेप्शनवाली दोनदा डोकावून गेलेली, पण त्या दिवशी कुणाचं काही ऐकलं नाही मी.

अर्थात टेबलावर सुटलेली मान घरी जाऊन परत धरते हे मला माहीत होतं, आणि तसं ताईंना तोंडावर सांगितलंही. त्या जरा हिरमुसल्या. त्यांचं घर माझ्या परतीच्या वाटेवरच, म्हणून संध्याकाळी तशीच गेले.

दहा बाय दहाची पुढची खोली, मोटर लावलेलं मशीन, बसायला बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल. मशीनखाली डाव्या बाजूला चिंध्यांचं पोतं कोंबलेलं, त्यामुळं मोटरचं पेडल सरकत सरकत पार उजवीकडच्या कोपऱ्यात गेलेलं. म्हटलं जरा टीप मारून दाखवा. उजवा पाय बाहेर पेडलवर, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर, कंबर एकीकडं, सुई दुसरीकडं आणि डोळे सुईवर ठेवायचे म्हणून मान तिसरीकडं. स्टूल बुटकं म्हणून खांदे वर. ट्यूबलाईट पाठीमागं, स्वतःचीच सावली सुईवर पडते म्हणून आणखी वाकायचं. एवढं करून हे फक्त मशीनचं झालं. फॉल हातानं घालायचा तो जमिनीवर मांडी घालून, साडी मांडीवर आणि हनुवटी छातीला टेकलेली. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते असं तासन् तास पुढं लोंबकळत ठेवलं तर मागच्या स्नायूंनी तरी काय करायचं.

पोतं बाहेर काढलं, पेडल मधे आणलं. स्टुलाच्या जागी लाकडी खुर्ची, तिच्यावर गोधडीची घडी, कोपर मशीनच्या पातळीला येईपर्यंत उंची वाढवली. सुईपाशी लावायचा छोटा एलईडी दिवा मुलानं दुसऱ्या दिवशी आणला. विश्रांती घ्या म्हटलं तर त्या घेणार नाहीत, घड्याळ लावून उठा म्हटलं तर उठणार नाहीत, म्हणून ठरवलं की बॉबिन, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, संपली की उठायचं, बॉबिन भरायच्या आधी खोलीत एक फेरी आणि हात वर करून दोन लांब श्वास. हे त्यांना लगेच पटलं, कारण बॉबिन तशीही त्यांच्या हातात नसते, संपली की थांबावंच लागतं. आणि टीप मारताना श्वास सोडत राहायचं, रोखायचा नाही.

व्यायामात मात्र मी मानेला सोडलं नाही. २००८ चा डेन्मार्कमधला एक अभ्यास आहे, मान-खांदे दुखणाऱ्या नोकरदार बायकांवरचा. एका गटाला दहा आठवडे मान-खांद्याच्याच ताकदीचे व्यायाम दिले, दुसऱ्याला नुसती सायकल, आणि दुखणं ठळक कमी झालं ते ताकदीच्या गटाचं. म्हणून खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून मागं ओढणं आणि उताणं झोपून हळूच "हो" म्हटल्यासारखी मान हलवणं, हे दोन्ही पक्के. रंकाळ्यावर सकाळी चालणं वेगळं, ते झोपेसाठी आणि डोकं शांत राहण्यासाठी, कारण बचत गटाचा हप्ता तटला की मान जास्त दुखते हे ताईंनी स्वतःच सांगितलं होतं.

चष्मा झाला, त्याला महिना लागला, "म्हातारी दिसते" म्हणून. पुढच्या गौरी-गणपतीच्या आधी साड्यांचा ढीग आला तेव्हा मान परत धरली, पण त्यांनी फोनवर सांगितलं की टॉवेल ठेवून श्वास केला, हाताखाली उशा घेतल्या, दोन-तीन दिवसांत सुटली, गोळी नाही घेतली. फॉल अजून जमिनीवर बसूनच घालतात. मांडीवर जाड उशी घेऊन साडी वर आणतात एवढंच, टेबल ठेवायला त्या खोलीत जागाच नाही, आणि त्याच्यावर माझ्याकडंही अजून उपाय नाही.