आधी भट्टी, मग खरेदी: स्टोक-ऑन-ट्रेंटमधले तीन दिवस

चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर जोसाया वेजवूड या नामांकित भांडीकाराचा पुतळा दिसतो. हातात फुलदाणी आहे आणि नजर तिच्यावरच खिळलेली. ताई आणि मी तिथे बराच वेळ उभ्या होतो. जुना इंग्लिश टी-सेट घ्यायचा तर तो जिथे घडला तिथे जाऊन, समजून घ्यायचा, एवढ्यासाठी आम्ही आलो होतो.

जाणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की स्टोक हे एक गाव नाही. टन्स्टॉल, बर्स्लम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं १९१० साली एकत्र केली, आणि ती लांबच लांब पसरली आहेत. लंडनच्या यूस्टनहून गाडीने साधारण दीड तास लागतो, पण पुढे बस नाहीतर लोकल गाडी धरावीच लागते. संग्रहालयं आठवड्याचे सगळे दिवस उघडी नसतात, तेव्हा वार बघून मगच तिकिटं काढा.

खरेदी आम्ही तिसऱ्या दिवसावर ठेवली. "आधी हाताला कळू दे, मग पाकीट उघड," असं ताईने बजावलं होतं. तिचं बरोबर होतं. या प्रवासाआधी एका दुकानातून मी तळावरच्या नुसत्या कंपनीच्या शिक्क्यावर भाळून एक टीपॉट घेतला होता. घरी उकळतं पाणी ओतलं आणि कानाच्या मुळापासून केसाएवढा तडा ओला होऊन उमटला. दुकानदाराला तो माहीत होता की नाही, देव जाणे. मी मात्र टीपॉट वाजवून पाहिला नव्हता.

पहिला दिवस लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियमचा. बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या तिथे अजून उभ्या आहेत. आत शिरून वर बघितलं की कळतं, बाहेरची बाटली म्हणजे नुसतं धुराडं, खरी भट्टी तिच्या पोटात. धूर आणि ज्वाळा लागू नयेत म्हणून कप-बश्या जाड मातीच्या डब्यांत, म्हणजे सॅगरमध्ये, ठेवून त्यांचे थर रचत. एकेका कपाला दोन-तीन वेळा भट्टीत जावं लागे: आधी कच्ची माती भाजायला, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, चढवून, आणि शेवटी कमी आचेवर ग्लेझवरचे रंग आणि सोनं पक्कं करायला. हे ऐकलं आणि माझं एक कोडं सुटलं. सोन्याची किनार सगळ्यात आधी का झिजते? कारण ती ग्लेझच्या वर बसलेली असते, खाली नाही. म्हणूनच असे कप डिशवॉशरमध्ये घालायचे नाहीत, आणि सोन्यात धातू असतो म्हणून मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच.

जुन्या ग्लेझमध्ये शिसं असायचं, आणि ग्लेझमध्ये भांडी बुडवणाऱ्या कामगारांना त्याची विषबाधा व्हायची. तेव्हा ग्लेझवर बारीक जाळी पडलेला किंवा आतून रंगवलेला फार जुना कप कपाटात शोभेला ठेवावा, त्यातून चहा पिऊ नये. माझं तरी आता यावर पक्कं मत झालं आहे.

दुसऱ्या दिवशी बर्स्लमच्या मिडलपोर्ट पॉटरीत गेलो. १८८८ सालचा कारखाना, कालव्याच्या काठी, आणि अजून चालू. बर्ली या ब्रँडची भांडी इथेच बनतात. कोरलेल्या तांब्याच्या रोलरवरून पातळ कागदावर नक्षी छापतात. तो ओला कागद हाताने भांड्यावर बसवतात, ताठ ब्रशने घासून घासून रंग मातीत उतरवतात आणि मग कागद धुऊन टाकतात. एका बाईंच्या हाताखाली दुधाचा जग फिरत होता. कागदाची दोन टोकं कानाजवळ भेटली तेव्हा एक फूल अर्धं कापलं गेलं, आणि तिथे फुलाला फूल जुळलं नाही. हा सांधा तुमच्या कामाचा आहे. जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यावर असा जोड दिसला तर दोष समजू नका. कुणाच्या तरी बोटांनी तिथे कागद बसवला होता.

दुपारी हॅन्लीचं पॉटरीज म्युझियम. इथे घाई करू नका. जोसाया स्पोड या दुसऱ्या भांडीकाराने १७८४ साली ग्लेझखालची निळी छपाई बसवली आणि त्याच्या मुलाने पुढे बोन चायना मार्गी लावली. बोन चायनाच्या मातीत साधारण अर्धा भाग जनावरांच्या हाडांची राख असते. म्हणून तर कप उजेडासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

तिसऱ्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं. आता डोळे तयार झाले होते. कप तळहातावर ठेवून नखाने हलकेच टिचकी मारायची. खणखणीत, लांबणारा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की खाली ठेवायचा. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचं, कारण टवका डोळ्यांआधी बोटाला लागतो. छोटा यूव्ही टॉर्च जवळ ठेवाच. डागडुजी केलेला भाग त्याच्या उजेडात वेगळा चमकतो. टीपॉटचं झाकण आणि नळीचं तोंड मी आता दोनदा बघते.

शिक्क्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लोक इथेच फसतात. "इंग्लंड" हा शब्द असेल तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव तेव्हापासून सक्तीचं झालं. "मेड इन इंग्लंड" किंवा "बोन चायना" असं लिहिलेलं असेल तर ते विसाव्या शतकातलं धरा. नोंदणीचा नंबर मात्र कप बनल्याचं साल सांगत नाही, नक्षीची किंवा आकाराची नोंद कधी झाली ते सांगतो. मला शेली कंपनीचा एक पन्हळीदार "डेंटी" कप दाखवताना विक्रेत्याने तळाचा २७२१०१ हा नंबर दाखवून "१८९६ सालचा" म्हणून सांगितलं. आकाराची नोंद १८९६ ची खरी, पण तो आकार पुढे कित्येक दशकं बनत राहिला, आणि "शेली" हे नाव शिक्क्यावर आलं तेच १९१० नंतर. रॉयल अल्बर्ट कंपनीच्या "ओल्ड कंट्री रोझेस" नक्षीवरचं १९६२ हेही असंच, नक्षीचं साल. त्या नक्षीची अलीकडची भांडी इंडोनेशियात बनलेली आहेत. आणि "वेजवूड अँड कंपनी" ही टन्स्टॉलची वेगळीच कंपनी होती, जोसाया वेजवूडची नव्हे.

"२१ नगांचा पूर्ण सेट" म्हटलं की आम्ही मोजायला लागायचो. सहा कप, सहा बश्या, सहा छोट्या प्लेटा, एक मोठी केक प्लेट, दुधाचा जग आणि साखरेचं भांडं. टीपॉट त्यात धरलेला नसतो! तो वेगळा शोधावा लागतो, आणि शोधणं कठीण, कारण रोजच्या उकळत्या पाण्याने टीपॉट आधी जायचे. म्हणून नवख्याने आख्ख्या सेटमागे न धावता एक ट्रायो घ्यावा, म्हणजे कप, बशी आणि प्लेट. तिन्हींची नक्षी, सोन्याची झीज आणि पांढऱ्याची छटा एकसारखी आहे ना, ते खिडकीजवळ नेऊन बघा. दिव्याखाली सगळंच छान दिसतं. लिलावात घेणार असाल तर बोलीवर लिलावघराचं कमिशन चढतं, ते आधी विचारा.

ताईने तो डेंटी घेतला, त्याच्या खऱ्या वयाच्या भावात. विक्रेत्याला शिक्का समजावून सांगितल्यावर त्याने कुरकुर न करता किंमत उतरवली. मी बर्लीचा एक निळा जग घेतला, सांधा स्पष्ट दिसणारा.

परतताना कप एकमेकांत घालू नका, कडा तिथेच जातात. प्रत्येक कपाच्या आत पायमोजा कोंबा, कानाभोवती दुसरा गुंडाळा, बश्या उभ्या ठेवा, झाकण वेगळं बांधा. आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. ताईची बॅग विमानात पूर्णवेळ तिच्या पायाशी होती.