बारा जणांचं सणाचं जेवण: चार दिवसांची नोंद

बेत: सूप, अख्ख्या भाजलेल्या कोंबड्या (प्रत्येकी 1.8 किलोच्या तीन), कुस्करलेले बटाटे, फरसबी, भात आणि थंड गोड. ओव्हन एक, शेगड्या चार. वाढायची वेळ रात्री 8.

4 दिवस आधी
वेळापत्रक आठपासून मागे लिहीत नेलं की अडचणी आपोआप दिसतात. ओव्हन कोंबड्यांनीच भरतोय, म्हणून भाजके बटाटे रद्द. फ्रीजमधल्या बाटल्या काढून मधला कप्पा रिकामा केला. तापमान 4 अंश. गोठलेल्या कोंबड्या काठाच्या ताटात, सर्वांत खाली, एकमेकींना न चिकटता ठेवल्या. बर्फ सुटायला दोन किलोला साधारण 24 तास लागतात, चिकटून ठेवल्या तर जास्त. हाताशी दोन दिवस आहेत.

3 दिवस आधी
सहा लिटर सूप तयार, क्रीम न घालता. शिजवणं सोपं, खरी कसोटी गार करण्याची. भरलं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवलं तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, शेजारचे पदार्थही तापतात आणि जिवाणूंचं फावतं. त्यामुळे पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळलं, मग सूप 5 सेंमीपेक्षा कमी खोलीच्या ट्रेंमध्ये ओतलं. हिशेब असा: 60 वरून 21 अंशांवर 2 तासांत, तिथून 5 वर पुढच्या 4 तासांत. कॉर्नफ्लोअर घातलेलं सूप फ्रीझरमध्ये टाकू नका. वितळताना पाणी सुटतं.

2 दिवस आधी
कोंबड्यांचा बर्फ सुटला. वजनाच्या 1 टक्का मीठ, म्हणजे प्रत्येकीला 18 ग्रॅम, चोळून जाळीवर उघड्या ठेवल्या. मीठ आधी पाणी ओढतं, मग ते खारं पाणी परत मांसात जिरतं आणि कातडी सुकून कुरकुरीत भाजते. तासाभर आधी मीठ लावण्याची सवय असेल तर ती सोडा, नेमकं तेव्हाच कातडं ओलं असतं. आधीच खारवलेली कोंबडी असेल तर हे मीठ नकोच.

1 दिवस आधी
गोड तयार. चाखताना किंचित जास्त गोड वाटायला हवं, थंडपणाने गोडी दबते. फरसबी उकळत्या खाऱ्या पाण्यात 3 मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर कोरडी. लिंबू वाढतानाच पिळायचं, आंबटाने हिरवा रंग खाकी होतो. बटाटे सोलून, मोठे तुकडे करून, गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये. हवा लागली की काळवंडतात.
भात मात्र आदल्या दिवशी नाही. त्यातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि गार भाताचे दाणे कडक होतात ते वेगळंच.

त्या दिवशी
5:40 ओव्हन 200 अंशांवर.
6:00 कोंबड्या आत. एकट्या कोंबडीला सुमारे सव्वा तास. तिघींना 15–20 मिनिटं जास्त.
7:00 बटाटे गॅसवर.
7:20 भात.
7:35 कोंबड्या बाहेर. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटरवर 74 अंश. वीस मिनिटं तशाच, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. रिकाम्या ओव्हनमध्ये ताटं गरम.
7:45 सूप खळखळून उकळलं, मग क्रीम. मीठ शेवटी, गरम असताना चाखून.

दहाच्या आत उरलेलं मांस हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत, थेट फ्रीजमध्ये.