डेबियनमधलं नॉन-फ्री फर्मवेअर: तीन ओळी आणि एक 'उणे दोन'

जून २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती आली आणि त्याबरोबर रेपॉझिटरीत, म्हणजे तिच्या पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात, 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा नवा विभाग आला. फर्मवेअर म्हणजे वायफाय किंवा ग्राफिक्सच्या चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम; 'नॉन-फ्री' किंवा बंदिस्त म्हणजे मुक्तपणे बघता-बदलता न येणारा. आदल्या वर्षी डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदान करून सोशल काँट्रॅक्ट या आपल्या जाहीरनाम्यात दुरुस्ती केली आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर ठेवायला वाट मोकळी केली. तोवर असं फर्मवेअर असलेली आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) 'अनधिकृत' म्हणून वेगळ्या कोपऱ्यात असे. नवशिके अधिकृत आयएसओ उतरवत आणि वायफायपाशी अडकत.

पूर्वी वायफायच्या एका फाइलसाठी अख्खा 'नॉन-फ्री' विभाग उघडावा लागे. नव्या विभागात फक्त चिपवर चालणारं फर्मवेअर आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, त्याच्या चुका दुरुस्त करणारा कोड) आहे. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर तुमच्या मुख्य प्रोसेसरवर, थेट कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) चालतो, म्हणून तो जुन्या नॉन-फ्रीमध्येच राहिला. ही रेघ मला पटते. मायक्रोकोडचं पॅकेज टाळलं म्हणून मशीन मुक्त होत नाही; प्रोसेसर बायोसने दिलेला जुना मायक्रोकोड वापरतो. तोही बंदिस्तच, फक्त सुरक्षेची भोकं न बुजवलेला.

खरी चूक होते ती ११ वरून १२ वर चढवताना. पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस.लिस्ट या फाइलमध्ये जुनंच 'नॉन-फ्री' राहतं. पॅकेजांची यादी ताजी करणाऱ्या 'एपीटी अपडेट'च्या शेवटी 'एन:' ने सुरू होणारी सूचना येते, पण ती एरर नसल्याने कुणी वाचत नाही. आधीचं पॅकेज जागेवर असतं, वायफाय चालतं, आणि मायक्रोकोडचे सुरक्षा अपडेट मात्र गुपचूप थांबतात. उपाय एका शब्दाचा: 'मेन' (मुक्त पॅकेजांचा मुख्य विभाग) या शब्दाच्या पुढे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' लिहा. पण तिन्ही ओळींत लिहा (बुकवर्म हे डेबियन १२ चं नाव): बुकवर्म, बुकवर्म-अपडेट्स आणि बुकवर्म-सिक्युरिटी. बरेच जण पहिल्याच ओळीत लिहून थांबतात, आणि तातडीचे अपडेट तर सिक्युरिटीच्या ओळीतून येतात.

मग कुठलं पॅकेज हवं? अंदाजाने दहा पॅकेजं टाकू नका, रूट (प्रशासक) म्हणून कर्नलचे संदेश दाखवणारी 'डीमेसग' ही कमांड चालवा आणि त्यात 'फर्मवेअर' शोधा. 'फेल्ड टू लोड', पुढे फाइलचं नाव आणि कंसात उणे २ दिसलं, तर अर्थ एकच: फाइल सापडली नाही. नावाच्या सुरुवातीला 'आयडब्ल्यूएलवायफाय' असेल तर पॅकेज 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय'. 'एएमडीजीपीयू' असेल तर 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स'. इंटेलच्या कार्डांवर 'आयडब्ल्यूएल-डीबग-योयो.बिन' नावाच्या फाइलसाठीही हाच उणे २ येतो. ती फाइल डीबगिंगची आहे, तिच्यामागे लागू नका. तसंच इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) बनताना येणारं 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर': तिथे ड्रायव्हरला माहीत असलेल्या सगळ्या चिपांच्या फाइल मोजल्या जातात, तुमच्याकडे ती चिप असो वा नसो.

पॅकेजऐवजी फाइल हाताने 'लिब/फर्मवेअर'मध्ये टाकलीत, तर ग्राफिक्सच्या बाबतीत 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' स्वतः चालवावं लागतं. नाहीतर फाइल डिस्कवर असूनही बूटच्या सुरुवातीला कर्नलला दिसत नाही. पॅकेज ते काम स्वतःच करतं.

वायफायच नाही आणि फर्मवेअर मात्र नेटवरून आणायचं, अशी कोंडी झाली तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला फर्मवेअर लागत नाही. ब्रॉडकॉमच्या बी४३ ड्रायव्हरवर चालणाऱ्या जुन्या कार्डांना हीच युक्ती लागते. त्यांचं फर्मवेअर वाटण्याची परवानगीच नाही, त्यामुळे 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज 'कॉन्ट्रिब'मध्ये (स्वतः मुक्त, पण बंदिस्त गोष्टींवर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या विभागात) आहे आणि ते मूळ ड्रायव्हर उतरवून त्यातून फर्मवेअर कापून काढतं.

बंदिस्त काहीच नको असेल तर इन्स्टॉलरच्या बूट ओळीत 'फर्मवेअर=नेव्हर' जोडा. वायफायसाठी एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल चालेल. त्याचं फर्मवेअर मुक्त आहे आणि थेट 'मेन'मध्ये मिळतं. वेग बेताचा, बँड फक्त २.४ गिगाहर्ट्झ. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घेणार असाल तर डब्यावरची आवृत्ती बघा: पहिल्या आवृत्तीतच ही चिप आहे, दुसरीपासून आत रिअलटेक बसली आणि डबा जवळपास तोच राहिला.