रविवारची दुपार

गेल्या रविवारी जेवणानंतर मी आडवी झाले होते. दाराची घंटा वाजताच मी इतक्या घाईने उठले, आणि दार उघडण्यापूर्वी हातात पुसण्याचे फडके घेतले, की नंतर त्या घाईचेच मला वाईट वाटत राहिले. दारात शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या. "झोपमोड केली का गं?" असे त्यांनी विचारले, आणि मी "छे हो, कामच चाललं होतं" असे चक्क खोटे सांगितले. सहा दिवस नोकरी करणाऱ्या बाईला सातव्या दिवशीची तासभराची झोप लपवावीशी का वाटावी, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

हा रविवार आपल्याला सहज मिळालेला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, त्या काळात, १८८४ मध्ये, कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा ही मागणीही होती. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

त्या यादीत विश्रांती आणि पगार शेजारी शेजारी आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पगार घेताना आपण ओशाळत नाही, कारण तो आपला आहे हे आपण जाणतो. विश्रांती मात्र कोणी तरी मोठ्या मनाने दिलेली सवलत असल्यासारखी आपण चोरून घेतो. "थोडं पडलं की काम अधिक चांगलं होतं" हे तिचे समर्थनही मला पटेनासे झाले आहे. ते खोटे नाही, पण त्यात झोपेचा तासही अखेर कामाच्याच खात्यात जमा होतो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो किती अधिक नांगरेल, असे कोणी विचारत नाही.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लालबागच्या एका कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रांवर, कामाला होते. रविवारी दुपारी ते खोलीत चटई टाकून झोपत आणि आम्हा नातवंडांना जिन्यात पिटाळले जाई, कारण आठवडाभर पाळ्या करणाऱ्या माणसाची झोप मोडू नये, हे चाळीत सर्वांना मान्य होते. त्याच वेळी आजी दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असे. तिच्यासाठी तो आठवड्यातला सर्वांत कामाचा दिवस होता: धुण्याचा ढीग, गावाकडून आलेले पाहुणे, दोन्ही वेळचे साग्रसंगीत जेवण. दुपारी आडवी झालेली आजी मी फक्त तापात पाहिली, आणि तेव्हाही ती "आता उठतेच" असे पुन्हा पुन्हा म्हणत होती. सभेत बोललेल्या त्या दोघी घरी परतल्यावर त्यांच्या वाट्याला कसला रविवार आला असेल, असे मनात येऊन जाते.

आई त्याच खोलीत वाढली. आता ती माझ्याकडे असते, आणि दुपारी दोन वाजता हातात काही तरी निवडायला घेऊन बसते. परवा मी माझ्या चटईशेजारी तिची चटई घातली आणि घरात सांगून टाकले, की तीन वाजेपर्यंत आम्ही दोघी झोपणार आहोत. "मग चहाचं कोण बघणार?" तिने विचारले. "ज्याला हवा तो करेल," मी म्हणाले. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग शेंगांची परडी तिने बाजूला सरकवली आणि चष्मा न काढताच आडवी झाली.