पोटॅशियमचं सिरप म्हणजे टॉनिक नव्हे

आईचं सगळ्यांत नावडतं औषध म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं सिरप. "यापेक्षा समुद्राचं पाणी बरं," असं म्हणत ती नाक मुरडते. पण पायांची सूज उतरावी म्हणून तिला फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. लघवी वाढली की तिच्याबरोबर पोटॅशियमही जातं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ (मिलिमोल प्रति लिटर) असावं लागतं. तिचं २.९ झालं तेव्हा पिंडऱ्यांत गोळे यायचे आणि दोन पायऱ्या चढल्या की पाय गळून जायचे.

सिरप नुसतं प्यायचं नाही. जेवण झाल्यावर मापानं मोजून घ्यायचं, भरपूर पाण्यात मिसळायचं आणि घोट घोट प्यायचं, नाहीतर पोटात आग पडते. गोळी दिली असेल तर ती चावायची नाही, कुटायचीही नाही, कारण ती हळूहळू विरघळावी अशीच बनवलेली असते. पेलाभर पाण्याबरोबर बसून गिळायची, लगेच आडवं व्हायचं नाही. शौचात कधी गोळीचं रिकामं टरफल दिसतं, त्याला घाबरू नये. शौचाला काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

मला खरी धास्ती वाटते ती पोटॅशियम वाढण्याची. कमी झालं तर शरीर निदान कुरकुरतं. वाढलं तर कित्येकदा काहीच जाणवत नाही आणि एकदम हृदयाचे ठोकेच बिघडतात. मूत्रपिंडं अधू असतील तर धोका जास्त. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पिरोनोलॅक्टोन या बीपी-हृदयाच्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही वाढू शकतं. म्हणून नवीन डॉक्टरपुढे मी सगळ्या गोळ्यांची पाकिटंच मांडते.

आणि ते 'लो सोडियम' मीठ! मावशीनं बीपीसाठी चांगलं म्हणून कौतुकानं आणून दिलं. पाकिटामागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे सिरपमध्ये आहे तेच. आईच्या ताटात ते जाऊ दिलं नाही, मावशीचा रुसवा पत्करला.

मागच्या तपासणीत आकडा ५.८ आला. डॉक्टरांनी सिरप थांबवलं, ईसीजी काढला आणि त्याच दिवशी पुन्हा रक्त द्यायला लावलं. रक्त काढताना पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो, म्हणाले. ईसीजी ठीक होता, दुसऱ्या नमुन्यात ४.६ निघालं. सिरप पुन्हा सुरू झालं, तक्रारीसकट.