पीतांबराची तान

संगीत नाटकात सत्तावीस वर्षं काढली. ‘सौभद्र’मधली सुभद्रा झाले, ‘मानापमान’मधली भामिनी झाले, पण स्वतःच्या नावाचं एक ध्वनिमुद्रण नाही. हे जाणवलं ते नातीमुळे. तिला झोपताना माझी नाट्यपदं नको असतात, ‘निंबोणीच्या झाडामागे’ हवं असतं, आणि मी दौऱ्यावर असले की ते फोनवर लागतं, अर्थातच सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात. म्हटलं, घरातल्यांनी एकत्र बसून पाहिलेल्या मराठी चित्रपटांतली अशी गाणी आपणही गाऊन ठेवावीत. आठ गाणी निवडली. महिनाभराचं काम वाटलं होतं, चौदा महिने गेले.

भाचा एका वकिलाच्या हाताखाली काम करतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मावशी, गाणं जुनं आहे म्हणून ते मोकळं होत नाही.” मला खरंच वाटत होतं की ‘नाच रे मोरा’ला सत्तर वर्षं होऊन गेली, आता ते सगळ्यांचं. १९५३च्या ‘देवबाप्पा’तलं गाणं. त्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपला, हे बरोबर. पण मी ती तबकडी वाजवणार नव्हते, ते गाणं गाणार होते. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि दोन्ही कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतात. गदिमा गेले १९७७ला, म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले. चाल पुलंची, ते गेले २००० साली. ती सुटणार २०६० संपल्यावर, तेव्हा माझी नात चाळिशी ओलांडून गेलेली असेल!

कॉपीराइट कायद्यात अशा गाण्यांसाठी एक वाट आहे, कलम ३१ सी. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पाच वर्षं झाली की मालकाला नोटीस द्यायची, मानधन आगाऊ भरायचं आणि आपल्या आवाजात करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण दर वर्षी कमीत कमी ५०,००० प्रतींचं मानधन धरतात. भाषा लहान असेल तर आकडा कमी करण्याची सोय आहे, पण त्यासाठी कोण कुठे दाद मागत बसणार? शिवाय आवरणावर आधीच्या गायिकेचं नाव घालायचं नाही, चित्रपटाचंही नाही. म्हणजे चित्रपटांतल्या गाण्यांचा अल्बम, आणि चित्रपटाचं नाव घ्यायचीच चोरी. ती वाट सोडली आणि हक्क ज्यांच्याकडे होते त्यांना सरळ पत्रं लिहिली.

एका जुन्या संगीत कंपनीने चार महिने उत्तरच दिलं नाही. पाचव्या महिन्यात आलं ते “आपला मेल योग्य विभागाकडे पाठवला आहे.” तो योग्य विभाग आणखी सहा आठवड्यांनी सापडला. दोन गाण्यांच्या बाबतीत निर्मात्याची संस्थाच बंद पडलेली, हक्क पुढे कोणाकडे गेले ते कळेना. ती सोडली. आठाची सहा झाली.

करार आला तेव्हा भाच्याने एका ओळीवर पेन्सिलने रेघ मारून दाखवली. मूळ शब्दांत आणि चालीत बदल करता येणार नाही. मी म्हटलं, “मी कशाला बदलतेय?” पट्टी उतरवली तर चालेल का, तेवढं विचारून घेतलं. चालेल म्हणाले. मी सही केली.

स्टुडिओ म्हणजे डोंबिवलीतल्या एका इमारतीतली दोन खोल्यांची जागा. रेकॉर्डिस्ट माझ्या मुलाच्या वयाचा. आधी त्याने बांगड्या काढायला लावल्या. मग म्हणाला, “ताई, साडी सुती नाही का? ही वाजतेय.” मला हसू आलं, पण त्याने हेडफोन दिला आणि पदराची सळसळ ऐकवली. पाचोळ्यातून कोणी चालत यावं तशी. दुसऱ्या दिवसापासून जुनी मऊ सुती साडी.

पहिलं घेतलं ‘भरजरी गं पीतांबर’. ‘श्यामची आई’तलं, अत्र्यांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, गायलंय आशाबाईंनी. मी डोळे मिटून गायले, अंतरा संपताना ‘नारायण’वर एक छोटी तान घेतली आणि समेवर आले. डोळे उघडले तर काचेपलीकडे तो पोरगा मान हलवत होता, आणि ती दाद नव्हती. “ताई, हे मूळ गाण्यात नाही.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तान. सवयच ती. नाटकात पद संपत आलं की हात आपोआप उचलला जातो, पायपेटीवाले काका ओळखतात, सूर धरून ठेवतात आणि आपण पुढे जातो. ‘वन्स मोअर’ आला की आणखी पुढे. एकेक पद दहा-दहा मिनिटं चालतं. ही गाणी मात्र तबकडीच्या एका बाजूवर मावतील अशी, तीन-साडेतीन मिनिटांची. त्यांत मोकळी जागा ठेवलेलीच नाही. पेन्सिलच्या रेघेचा अर्थ मला त्या काचेसमोर कळला. सातव्या टेकला तान आली नाही. गाणं उघडं पडल्यासारखं वाटलं, पण त्याने तोच टेक ठेवला.

अंगाईने याहून छळलं. ‘निंबोणीच्या झाडामागे’ हे ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या १९७७च्या चित्रपटातलं, शब्द मधुसूदन कालेलकरांचे, चाल गोव्याच्या एन. दत्तांची. मी रंगमंचावर काळी चारच्या पट्टीत गाते, इथे पांढरी दोनपर्यंत उतरले, तरी संगणकाच्या पडद्यावर माझ्या आवाजाची भिंत उभी राहत होती. माइकपासून दूर सरले तर खोली ऐकू यायची, जवळ गेले तर श्वास. शेवटी त्याने खुर्ची काढून सतरंजी घातली, माइक खाली आणला आणि दिवा मालवला. मांडी घालून बसल्यावर छातीतून जोर लावताच येईना. नात माझ्याजवळ झोपते तेव्हा मी अशीच तर बसते. दुसऱ्याच टेकला झालं. ‘एकटी’तलं ‘लिंबलोण उतरू कशी’ही मग तिथेच, सतरंजीवर केलं.

मिक्सिंगचं मला फार कळलं नाही, सांगत नाही. अल्बम इंटरनेटवर चढवल्यावर तिसऱ्या दिवशी एका गाण्यावर आपोआप हक्काचा दावा लागला. यंत्राला चाल ओळखू येते, करार वाचता येत नाही. भाच्याने कराराची प्रत पाठवली, अकरा दिवसांनी दावा उठला.

पायपेटीवाले काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलाने त्यांना सगळी गाणी फोनवर लावून दिली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“बाई, पीतांबर चांगलं झालंय. पण ‘नारायण’वर तान का नाही घेतलीस?”

“करारात नव्हती, काका.”